मोबाईलची बॅटरी नेमकी कशाने मरते?

मे महिन्यात अकोल्याला घरी गेले तर पहिल्याच संध्याकाळी आईने मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "पाय बरं, ह्याचं झाकण आपोआप उघडून राह्यलं." बघते तर मागचं कव्हर एका बाजूने वर आलेलं, फटीत नख जाईल इतकं, आणि आत काळ्या गोंदाचे तंतू ताणलेले दिसत होते. आईने त्याला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर गुंडाळलं होतं आणि आठ दिवस ती तो तसाच कानाला लावून बोलत होती. बॅटरी फुगली होती. मी तो तिथल्या तिथे बंद केला आणि रात्री घराबाहेर ओट्यावर, फरशीवर नेऊन ठेवला.

मग नेहमीप्रमाणे प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं. काका म्हणाले रात्रभर चार्जिंगला लावते म्हणून झालं, भाचा म्हणाला चार्जर लोकल आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या बॅटरी पूर्ण उतरू द्यायची असते आणि मगच लावायची असते, आमच्या दुकानदाराने तसंच सांगितलं होतं. सगळे मनापासून सांगत होते आणि यातलं बरंचसं चुकीचं होतं, पण चुकीचं का होतं हे मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्यानंतर मी हा विषय बसून समजून घेतला. आपण महिन्याचा पगार, कधी त्याहून जास्त, या वस्तूवर घालवतो आणि तिच्यातली सगळ्यात आधी मरणारी गोष्ट हीच आहे, त्यामुळे हे सगळ्यांना कळायला हवं असं मला फार वाटतं.

आत असतं काय?

आजच्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते (लिथियम-पॉलिमर म्हणतात तीसुद्धा त्याच कुळातली). सोनी कंपनीने १९९१ मध्ये ही पहिल्यांदा बाजारात आणली आणि ज्यांच्या कामातून ती उभी राहिली त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बॅटरी म्हणजे विजेची टाकी अशी आपली कल्पना असते पण आत वीज भरून ठेवलेली नसते. दोन लांब पातळ पत्रे असतात, एकावर ग्राफाईटचा लेप, म्हणजे आपल्या पेन्सिलीत जे शिसं म्हणतो ते, आणि दुसऱ्यावर कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साईडचा लेप, मध्ये प्लास्टिकचा बारीक छिद्रांचा पडदा. हे सगळं एकावर एक ठेवून सुरळीच्या वडीसारखं गुंडाळतात किंवा घड्या घालून रचतात, आणि त्यात एक द्रव मुरवतात. लिथियमचे भारित कण, त्यांनाच आयन म्हणायचं, या द्रवातून एका लेपातून दुसऱ्या लेपात जातात. चार्ज करताना ते ढकलत ग्राफाईटमध्ये नेऊन बसवायचे, वापरताना ते आपणहून परत येतात, आणि त्यांच्या या परत येण्याच्या वेळी इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने, म्हणजे तुमच्या फोनच्या सर्किटमधून फिरून येतात. फोन चालतो तो त्या फेरीवर.

पाच हजार एमएएच वगैरे आकडा असतो तो किती कण ये-जा करू शकतात त्याचा हिशोब. आणि बॅटरीचं आयुष्य मोजतात ते सायकलमध्ये: एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ५० वापरलं, परत भरलं, उद्या ५० वापरलं तर दोन दिवसांची मिळून एक. तीन वेळा चार्जर लावला म्हणजे तीन सायकल असं नाही, हा गैरसमज फार जणांचा आहे.

चार्जिंग म्हणजे डेपोतली एसटी भरणं

रिकामी एसटी फलाटाला लागली की पहिले वीस-पंचवीस जण भराभर चढतात, जो तो मिळेल ती खिडकी धरतो. मग तीनच्या सीटवर मधली जागा कुठे आहे ते बघत बघत लोक आत सरकतात. शेवटी उभं राहायची वेळ येते, कंडक्टर "मागे सरका, मागे सरका" ओरडतो आणि एकेक माणूस आत घ्यायला आधी दहा माणसांना लागला तेवढा वेळ लागतो. ग्राफाईटच्या थरांमध्ये लिथियम भरतानाही हेच होतं. म्हणून तुमचा फोन अर्ध्या तासात साठ टक्के होतो आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळत भरतात. चार्जर खराब झालेला नसतो, फोनच मुद्दाम करंट कमी करतो. तसं केलं नाही तर काय होईल? ज्यांना आत जागा मिळाली नाही ते लोक दारात लोंबकळतात तसं लिथियम ग्राफाईटच्या आत न शिरता वरच धातू होऊन साचतं. ते साचलेलं बहुतेक परत कामाला येत नाही आणि फार वाढलं तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. फास्ट चार्जिंग अति थंडीत धोक्याचं असतं ते यामुळेच, थंडीत कण आत शिरायला सुस्त होतात.

मग ती म्हातारी होते कशाने?

इथे मला दुधाची साय आठवते. पहिल्यांदा चार्ज होताना ग्राफाईटवर त्या द्रवातून आणि थोड्या लिथियममधून एक पातळ थर धरतो. तो थर हवाच असतो, खालच्या ग्राफाईटला तोच सांभाळतो. पण साय दुधातूनच येते ना, तसा हा थर आतल्याच मालातून बनतो आणि रोज थोडा थोडा जाड होतो. साय जाड झाली की खालचं दूध कमी. लिथियम असं अडकत गेलं की ये-जा करणारे कण कमी होतात, आणि जाड सायीतून वाट काढणंही कठीण होतं.

आता ही साय कशाने भराभर धरते? दोन गोष्टींनी. एक उष्णता, आणि दुसरी म्हणजे बॅटरी वरपर्यंत भरलेली ठेवणं.

पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे शेवटपर्यंत ताणलेलं रबर समजा. रबर ताणायला हरकत नाही, ते त्यासाठीच आहे, पण ताणून खिळ्याला अडकवून महिनाभर ठेवलं तर सैल पडतं आणि ते उन्हात अडकवलं तर लवकरच तुटतं. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या साईटवर याचा एक तक्ता आहे, बॅटरी न वापरता वर्षभर नुसती ठेवून दिली तर तिच्यात किती दम उरतो त्याचा. २५ अंशांना ४० टक्के भरून ठेवली तर वर्षाने ९६ टक्के क्षमता शिल्लक, पूर्ण भरून ठेवली तर ८०. तेच ४० अंशांना ४० टक्के भरलेली असेल तर ८५, आणि ४० अंशांना पूर्ण भरलेली असेल तर फक्त ६५. एकदाही न वापरता तिसरा हिस्सा गेला!

हा तक्ता वाचला आणि मला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली. आमच्या घरात नेटवर्क फक्त तिथेच नीट येतं म्हणून आईचा मोबाईल दिवसभर त्या खिडकीत, चार्जर कायम खोचलेला, आणि दुपारी दोननंतर त्या खिडकीत थेट ऊन. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असणं नवीन नाही, आणि काचेशी उन्हात पडलेला काळा फोन हवेपेक्षाही जास्त तापतो. म्हणजे पूर्ण भरलेली आणि पूर्ण तापलेली, दोन्ही एकत्र, तीन उन्हाळे. अशा वेळी आतला द्रवच विघटित व्हायला लागतो, त्यातून वायू सुटतो, बॅटरीची बाहेरची पिशवी (पाऊच) बंद असते म्हणून तो वायू आतच साचतो आणि बॅटरी उशीसारखी फुगते. काकांचं रात्रीचं कारण, भाच्याचं चार्जरचं कारण, दोन्ही बाजूला राहिली.

"रात्रभर चार्जिंगला लावू नकोस" हे खरं का?

अर्धं खरं. १०० झाल्यावर वीज आत जातच राहते आणि बॅटरी उतू जाते असं होत नाही, फोनमधली चिप चार्जिंग तोडते. मग ९९ वर आली की पुन्हा थोडं भरते. पण म्हणजे पहाटेपर्यंत चार-पाच तास रबर ताणलेलंच. यावर कंपन्यांनीच उपाय दिलाय, ॲपलने २०१९ मध्ये असं फीचर आणलं की फोन तुमची सवय बघून रात्री ८० वर थांबतो आणि तुम्ही उठायच्या सुमाराला बाकीचं भरतो, आणि आता बऱ्याच अँड्रॉईड फोनमध्येही बॅटरीच्या सेटिंगमध्ये असं काहीतरी असतं. ते एकदा चालू करून ठेवा आणि झोपा.

खरी वाईट सवय आहे ती उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करायची. कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तेच पांघरुणात गेम खेळत चार्ज करण्याचं आणि तेच गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात मॅप लावून चार्जिंग करण्याचं. आणि हो, तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका, गरम फोन एकदम थंड केला की आत दव धरतं आणि पाण्याने बोर्ड जातो. कव्हर काढा, पंख्याखाली सावलीत ठेवा, पुरे.

"पूर्ण उतरल्याशिवाय लावायचं नाही"

शेजारच्या काकूंचं हे म्हणणं हवेतून आलेलं नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट उतरवून परत परत भरलं तर तेवढीच सवय लागायची, पुढचं जणू विसरून जायच्या. नोकिया ३३१० मध्येसुद्धा निकेलच्याच घराण्यातली बॅटरी यायची. नवीन मोबाईल आधी आठ तास चार्ज करा हे वाक्य त्याच काळातलं. पण नंतर आलेल्या नोकिया ११०० मध्ये बीएल-५सी होती, तीच जी अजूनही छोट्या रेडिओत आणि स्पीकरमध्ये सापडते, ती लिथियम-आयन होती. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बॅटरी बदलली आणि सल्ला तोच राहिला, एका घरातून दुसऱ्या घरात, दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे.

लिथियमला उलट शून्यापर्यंत उतरणं सोसत नाही. रोजचं साधारण २० ते ८० च्या मध्ये राहिलं तर उत्तम, आणि एखादा जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेला फोन सहा महिने कपाटात पडला तर बऱ्याचदा परत उठतच नाही.

मोठ्या वॅटचा चार्जर लावला तर फोन जळेल का?

नाही. सोसायटीची पाईपलाईन कितीही मोठी असली तरी आपण तोटी उघडू तेवढंच पाणी येतं. चार्जर आणि फोन आधी आपसात बोलतात, फोन सांगतो मला इतकंच दे, चार्जर तितकंच देतो. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाईप-सी चार्जर साध्या फोनला लावला तरी चालतो. भीती बाळगायची ती फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या चार्जरची, कारण त्यात आत काय घातलंय ते कुणीच बघितलेलं नसतं, आपल्याकडे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो तो बघून घ्या.

८० वरच थांबवायचं तर पाच हजारची बॅटरी घेतली कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. ज्याचं काम दिवसभर रस्त्यावर आहे, डिलिव्हरीवाला, रिक्षावाला, फिरतीवरचा एमआर, त्याने १०० टक्केच भरावी, त्याच्या रोजीरोटीपेक्षा बॅटरी मोठी नाही. पण जो फोन दिवसभर ऑफिसच्या टेबलावर चार्जरपाशीच असतो किंवा घरातल्या वयस्कर माणसाचा, जो दिवसातून चार कॉल आणि थोडं यूट्यूब इतकाच वापरला जातो, त्याला ८० ची मर्यादा लावून टाका, काही कमी पडत नाही आणि फोन एखादं वर्ष जास्त टिकतो.

आणि कंपन्या मुद्दाम फोन स्लो करतात त्याचं काय?

हे समजायला आधी एक गोष्ट बघा. हजार लिटरच्या टाकीत तळाला दोनशे लिटर गाळ साचला तरी वरून टाकी भरलेलीच दिसते. जुना फोनही १०० टक्केच दाखवतो, पण ते शंभर आता पूर्वीच्या ऐंशीइतकेच असतात. शिवाय पाईपातही क्षार जमलेत. एक नळ चालू असेल तर कळत नाही, पण गिझर, शॉवर, वॉशिंग मशीन एकदम सुरू केलं की धार तुटते. वीस टक्के दिसत असताना तुम्ही कॅमेरा फ्लॅश लावून उघडता आणि फोन धाडकन बंद पडतो, ते हे.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करत होते, असे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून. तांत्रिक कारण खरं होतं, धार तुटू नये म्हणून नळ थोडा बंद करण्यासारखं. पण गिऱ्हाइकाला सांगितलंच नाही! लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला आणि त्यांनी नवीन घेतले, खरंतर नुसती बॅटरी बदलली असती तर तोच फोन पुन्हा पळाला असता. फ्रान्सने २०२० मध्ये यासाठी अडीच कोटी युरोचा दंड केला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. माझा राग त्या न सांगण्यावर आहे. आपल्याला वस्तूचं दुखणं कळलं तर आपण योग्य औषध करू, लपवलं तर वस्तूच फेकून देऊ.

फोन बदलू की बॅटरी?

आईचा फोन मी गल्लीतल्या रिपेअरवाल्या दादांकडे नेला. त्यांनी तो आधी नुसता हातात धरून बाजूने बघितला आणि "ताई, चार्जिंगला नाही ना लावला परत?" विचारलं. मग फोन बंद आहे याची खात्री करून कडेकडेने जुन्या प्लास्टिकच्या कार्डाचा तुकडा सरकवत नेला, गोंद सुटताना टिकटिक आवाज येत होता. बॅटरी फोनला जोडणारी पट्टी आधी काढली. फुगलेली बॅटरी खालून गोंदाने घट्ट चिकटवलेली, ती उचकटायला त्यांनी कसलाही लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरला नाही, थोडं स्पिरिट सोडलं, थांबले, परत सोडलं. वीस मिनिटं गेली त्याच्यात. नोकियाच्या काळात हे काम आपण नखाने पाच सेकंदात करायचो.

ही गोंदाची पद्धत निसर्गनियम नाही. गोंदाने फोन पातळ होतो, पाण्यापासून वाचतो हे कंपन्यांचं म्हणणं काही खोटं नाही. पण युरोपियन युनियनने कायदा केलाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या वस्तूंमधली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी काढता आली पाहिजे. फोनला त्यात एक सवलत आहे, बॅटरी १००० सायकलनंतरही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल तर ती मेकॅनिकने बदलायची असली तरी चालेल. शिवाय जून २०२५ पासून तिथे फोनच्या बॅटरीने ८०० सायकलपर्यंत ८० टक्के दम धरलाच पाहिजे असा नियम लागू आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे त्याचे गुण छापायचे म्हणून एका समितीने २०२५ मध्ये अहवालही दिला. फ्रीजवर जसे वीज वाचवण्याचे तारे असतात तसे फोनच्या खोक्यावर दुरुस्तीचे गुण आले तर मी तरी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी ते बघेन.

तोवर माझा हिशोब सरळ आहे. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसत असेल आणि ती ८० च्या खाली गेली असेल, फोनला अजून सिक्युरिटी अपडेट येत असतील आणि स्क्रीन धड असेल, तर बॅटरी बदला. अपडेटच बंद झाले असतील तर मात्र बँकेची ॲप चालवायला तो फोन ठेवू नका.

फुगली असेल तर

दाबून बसवायची नाही, टाचणी टोचून हवा काढायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. टोचली की आतलं रसायन हवेला लागतं आणि पेट घेऊ शकतं, आणि ती आग साधी नसते. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, घंटागाडीत कचरा दाबला जातो आणि ती तिथे चिरडली तर सफाई कामगाराच्या हातापाशी भडका उडेल. बॅटरी बनवणाऱ्यांनीच ती परत गोळा करायची ही जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्यांच्यावर टाकली आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्याला. आमच्या दादांनी आईची बॅटरी वाळू भरलेल्या डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवली, तिथे आधीच्या पाच-सहा होत्या, महिन्याला एक माणूस येऊन नेतो म्हणाले.

फोन आता पूर्वीसारखा चालतो. चार्जर मी देवघराच्या भिंतीवरच्या बोर्डाला लावून दिलाय, तिथे ऊन येत नाही पण नेटवर्कची एकच काडी येते, त्यामुळे फोन वाजला की आई तो काढून घेऊन खिडकीशी जाते, बोलते आणि परत आणून ठेवते.